उपडा पेला

ऑस्ट्रेलियातल्या विल्कुरा गावच्या रेल्वे हॉटेलात रिकामा पेला बारवर उपडा ठेवला, की त्याचा अर्थ एकच होत असे. या खोलीत जो कोणी स्वतःला माझ्यापेक्षा भारी समजतो, त्याने मागच्या अंगणात यावं. तोंडाने काही बोलायची गरज नसे. एखादा परगावचा फिरता विक्रेता नकळत पेला उपडा ठेवायचा, नाक फोडून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत जायचा. गावाला त्याचं काडीचं वाईट वाटत नसे. माहीत नव्हतं तर प्यायला यायचं कशाला, असं गावाचं म्हणणं.

रोली पॅस्को आणि व्हिक लॉब यांची ओळख याच पेल्यापायी झाली. दोघंही स्टेशनच्या धक्क्यावरचे हमाल. सुगीत आजूबाजूच्या शेतांवरून गव्हाची पोती गाड्या भरभरून यायची. एकेक पोतं मानेवर घ्यायचं, फळीवरून चढायचं आणि घराएवढ्या उंच थप्पीवर नेऊन रचायचं, हे त्यांचं काम. रोली बुटका, रुंद, कमी बोलणारा. त्याचे आईबाप कोण हे त्यालाही धड सांगता येत नसे. अनाथाश्रमातून एका शेतावर, तिथून पळून धक्क्यावर, असा तो वाढलेला. व्हिक उंच, तांबूस केसांचा, फाटक्या तोंडाचा. धक्क्यावर आल्याच्या पहिल्याच शनिवारी या पठ्ठ्याने पेला उपडा केला. रोलीने आपली बिअर शेवटच्या घोटापर्यंत संपवली, बाह्या वर केल्या आणि मागे गेला. दोघांनी एकमेकांना मनसोक्त बडवलं. व्हिकचा पुढचा दात पडला. रोलीचं नाक वाकडं झालं ते जन्मभर वाकडंच राहिलं. मग पंपाखाली तोंडं धुऊन दोघं आत आले, आणि व्हिक त्या नव्या फटीतून म्हणाला, "पाळी तुझी."

तिथल्या पिण्याची रीतच तशी होती. आपलं आपण विकत घेऊन आपलं आपण पिणारा तिथे माणसात जमा नसे. एकाने सगळ्या टोळक्याला पाजायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आपली पाळी आली की नेमकं लघवीला जाणाऱ्याची गावभर नालस्ती व्हायची. आणि कुणी आपल्या पाळीला समोर ठेवलेला पेला न उचलणं म्हणजे सरळ त्याच्या तोंडावर थुंकणं. व्हिकच्या हिशेबाने मात्र पाळी कायम रोलीचीच असायची. रोलीही कधी वाद घालत नसे.

व्हिकची आई हेस्टर लॉब विधवा होती. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून तिने एकुलत्या एका मुलाला वाढवलं होतं. नेमाने चर्चला जाणारी बाई. दारूच्या थेंबाचा तिला विटाळ. जीभ मात्र मुलाने तिच्याकडूनच घेतलेली. व्हिकने रोलीला पहिल्यांदा रविवारी जेवायला आणलं तेव्हा तिने एकाचं नाक पाहिलं, दुसऱ्याचा दात पाहिला आणि म्हणाली, "दोघांत मिळून एकाची अक्कल असती तरी भागलं असतं." मग तिने रोलीच्या ताटात भाजलेलं मटण वाढलं. तेव्हापासून टेबलाशी खिडकीकडची खुर्ची त्याची झाली. तो आपले मळके सदरे घेऊन जायचा आणि पुढच्या रविवारी ते कडक इस्त्रीचे होऊन हातात पडायचे. रोलीला जगात स्वतःचं म्हणण्यासारखं काही होतं, तर ती खुर्ची होती.

१९१५ साली, महायुद्ध पेटल्यावर, दोघं एकाच दिवशी फौजेत भरती झाले. कुणी ढकललं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या फौजेत तेव्हा सगळेच आपखुशीने आलेले. गाडी सुटताना लॉबबाई रडली नाही. रोलीला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "परत येताना त्याला सरळ घरी आण. टायर्नीच्या गुत्त्यावरून नको." टायर्नी म्हणजे रेल्वे हॉटेलचा मालक. रोलीने मान डोलावली.

पुढच्या वर्षी ते फ्रान्समध्ये, पोझिएरच्या टेकडीवर होते. तोफांनी ती टेकडी इतकी खालीवर केली होती की खंदक कुठला आणि खड्डा कुठला ते कळत नव्हतं. रोलीच्या तुकडीकडे एका खंदकाचं टोक होतं. मध्ये मातीच्या पोत्यांचा बांध, बांधापलीकडे जर्मन, आणि हातबॉम्ब इकडून तिकडे, तिकडून इकडे. सकाळपासून अधिकारी एकामागून एक पडले, आणि दुपारी बाहीवर एक पट्टी असलेला रोली हाच तिथला सगळ्यांत मोठा साहेब उरला. बॉम्ब संपत आले होते. भरलेल्या पेट्या मागे पडून होत्या, पण मधला खंदक ढासळून उघडा झाला होता आणि त्या उघड्या जागेवर एका मशीनगनने नेम धरून ठेवला होता. एकाने बांधावर उभं राहून फेकत राहायचं आणि दुसऱ्याने त्या उघड्यावरून पेट्या आणत राहायच्या, याखेरीज दुसरा इलाज नव्हता. रोलीने व्हिककडे पाहिलं.

व्हिकने दुपारभर पेट्या आणल्या. धक्क्यावर पोती आणायचा तशाच, मानेवर, शिव्या देत. बांध टिकला. ऊन कलताना पेटी घेऊन येता येता तो त्या उघड्या जागेत पडला, तो पडलाच. रोलीचा डावा खांदा त्याआधीच फुटला होता. मदत येईपर्यंत तो उजव्या हाताने फेकत राहिला. याबद्दल त्याला पदक मिळालं, शिपाई-हवालदारांना मिळणाऱ्या पदकांत वरून दुसरं. ते देताना वाचून दाखवलं गेलं की त्याने आपल्या माणसांना निर्भयपणे हुकूम देऊन मोर्चा राखला. इस्पितळाच्या खाटेवर बसून रोलीने ते ऐकलं. हुकूम त्याने त्या दिवशी कुणालाच दिला नव्हता.

१९१७ च्या जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, तो विल्कुराला परत आला, तेव्हा त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. गावाला उंदरांनी वेढलं होतं. लढाईमुळे जहाजं मिळत नव्हती, गहू धक्क्यावरच पडून होता, आणि उंदीर थप्प्याच्या थप्प्या आतून खाऊन पोकळ करत होते. सडलेल्या गव्हाचा आणि मेलेल्या उंदरांचा वास चर्चपर्यंत यायचा. हॉटेलं आता संध्याकाळी सहाला बंद होत, म्हणून गडी काम सुटल्यावर धावत यायचे आणि म्हशींनी हौदावर तोंड लावावं तशी बिअर ढोसायचे. आणि गावावर आता एबेनेझर फिचचं राज्य होतं.

फिच गव्हाचा अडत्या. धक्क्यावरची निम्मी थप्पी त्याची. सैन्यभरतीच्या गावसमितीचा तो अध्यक्ष होता. देवाने त्याला पाच मुली दिल्या होत्या, मुलगा एकही नाही, त्यामुळे देशासाठी मुलगे देण्याच्या बाबतीत त्याचा हात फार सैल होता. जे तरुण भरती झाले नव्हते त्यांच्या कोटाला भर रस्त्यात कोंबडीचं पांढरं पीस टोचून त्यांना भित्रे ठरवायचं, हे काम त्याच्या मुली आवडीने करत. रोलीसाठी फिचने स्टेशनवर बँड आणला, भाषण केलं, आणि ओझं उचलणं आता जमणार नाही म्हणून त्याला उंदरांनी कुरतडलेली पोती दाभणाने शिवायचं काम दिलं. बोलताना त्याचा हात सारखा रोलीच्या पाठीवर असे.

या सगळ्या मायेमागे काय होतं ते लवकरच कळलं. घरी राहिलेल्यांना सक्तीने लढाईवर पाठवावं का, असं सरकारने आदल्या वर्षी देशाला विचारलं होतं आणि देशाने नाही म्हटलं होतं. आता डिसेंबरात पुन्हा मत घ्यायचं होतं, पुरुषांचं आणि बायकांचंही. फिचला सभेसाठी माणूस हवा होता, आणि पदकवाला गावात एकच होता. "तू फार बोलू नकोस," तो रोलीला म्हणाला. "उभं राहून 'हो' म्हण, की झालं. तुझ्या छातीवरची फीत बघूनच अर्धं गाव रडेल." रोली बघू म्हणाला आणि सुतळी ओवत राहिला.

खरी पंचाईत फिचची नव्हती. ती खिडकीकडच्या खुर्चीची होती. रोली परत आल्यापासून पुन्हा दर रविवारी लॉबबाईकडे जेवत होता. ती व्हिकबद्दल काही विचारत नसे. तो हुकूम पाळताना गेला, असं पाद्रीबुवांनी तिला सांगितलं होतं. त्या हुकुमावर, तो देणाऱ्या कुणा अनोळखी साहेबावर, सरकारवर आणि राजावर सगळा राग ओतून ती उभी होती. तेवढा राग होता म्हणून ती सकाळी उठून चूल पेटवत होती, हे रोलीला दिसत होतं.

"त्या कॅमेरॉनचे चौघं बघ," एका रविवारी ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "घोड्यासारखे धडधाकट, अजून शेतावर. माझा एकच होता. तो गेला. त्यांचे का नाही जात?"

रोलीने सोललेले बटाटे पातेल्यात टाकले.

"हे काही चांगलं बोलणं नाही, कळतंय मला. चांगलं बोलणं मी सोडलंय. त्या कॅमेरॉनबाईला माझ्यासारखं बसलेलं बघायचंय मला. तू फिचच्या सभेत बोल. तुझं ऐकतील."

"बोलेन," रोली म्हणाला.

काय बोलेन ते त्याने सांगितलं नाही. मशीनगनसमोर न डगमगलेल्या या माणसाने भित्रेपणा म्हणावा असा जन्मात एकदाच केला, तो त्या टेबलाशी. त्याचं मत केव्हाच ठरलं होतं. ते चारचौघांत सांगायचं तर का ते सांगावं लागणार होतं, आणि का ते सांगितलं की ती खुर्ची गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सभा गावच्या हॉलमध्ये झाली. तिकडचा उन्हाळा लागला होता, ऊन अजून खिडक्यांतून आत येत होतं, पंख्याऐवजी टोप्या हलत होत्या. मंचावर निशाण, निशाणाखाली फिच, आणि त्याच्या मागे खुर्च्यांवर काळ्या कपड्यांतल्या आया ओळीने बसवलेल्या. लॉबबाई मधोमध होती. फिचने ज्यांची मुलं अजून शेतावर होती त्या सगळ्यांना नावानिशी भाजून काढलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्या टाळ्या हर्ब गॅस्किनच्या, हा रोलीबरोबर पोती वाहिलेला, वयाचं निमित्त सांगून घरी राहिलेला गडी. मग फिचने रोलीला पुढे ओढलं आणि मोठ्याने विचारलं की खंदकातल्या आपल्या भावांना मदत पाठवायची की नाही, ते या वीरानेच सांगावं.

रोली बराच वेळ उभा राहिला. लोकांना वाटलं त्याला गहिवरून आलंय, म्हणून पुन्हा टाळ्या पडल्या.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "हे पदक मला हुकूम दिल्याबद्दल मिळालं म्हणतात. मी हुकूम दिला नव्हता. बॉम्ब आणायला माणूस हवा होता, मरायचं काम होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. मी एकाला विचारलं, येतोस का. तो नाही म्हणू शकला असता. मी त्याला काही म्हणालो नसतो. तो आला. तो तिथवर स्वतःच्या पायांनी आला होता, म्हणून मला विचारता आलं. ज्याला पोलीस घरातून ओढून आणतील, त्याला मी कुठल्या तोंडाने विचारू? त्याला ढकलावंच लागेल. मी कुणाला ढकलणार नाही. मी 'नाही' असं मत देणार आहे."

टोप्यांचं हलणं थांबलं. मग मागून, मंचावरूनच, आवाज आला.

"कुणाला विचारलंस?"

रोली वळला. लॉबबाई उभी होती. खोटं बोलायला जागा होती. मेलेल्या दहा जणांची नावं जिभेवर होती, कुठलंही चाललं असतं.

"व्हिकला," तो म्हणाला.

"म्हणजे हुकूम नव्हता."

"नव्हता, मिसेस लॉब."

"तू विचारलं नसतंस, तर तो गेला नसता."

"नसता गेला."

ती खाली बसली. आणि मग हॉलला कंठ फुटला. जर्मनांचा हस्तक, पळपुटा, मित्राला मारून छातीवर बिल्ला लावणारा, जे जे तोंडाला आलं ते लोकांनी त्याला म्हणून घेतलं. हर्ब गॅस्किन बाकावर चढून ओरडत होता. कुणीतरी टोमॅटो मारला, तो फितीखालीच फुटला. फिच निशाण सावरत म्हणाला की या माणसाला आपण भाकरी दिली याची आपल्याला लाज वाटते. रोली मधल्या वाटेने सावकाश चालत बाहेर गेला. वाट द्यायला कुणी बाजूला झालं नाही, त्याला तिरकं होऊन जावं लागलं.

गावाने त्याला वाळीत टाकलं. सकाळी मुकादमाने त्याच्या हातातलं दाभण काढून घेतलं. कुंपणावर पांढऱ्या पिसांची माळ लटकली. पदकवाल्याला भित्रा ठरवताना फिचच्या पाच मुलींना हसूही आलं नाही. दुकानदार त्याला शेवटी माल द्यायचा, रांगेत पहिला असला तरी. रविवारी तो सवयीने लॉबबाईकडे गेला. दार लावलेलं होतं. पायरीवर त्याचे सदरे घडी करून ठेवले होते, धुतलेले, पण इस्त्री न केलेले. त्या बाईच्या हातून चुरगळलेलं कापड कधी कुणाला परत गेलं नव्हतं. रोली पायरीवर बसला आणि रडला. मग सदरे काखेत मारून परत आला.

गाव सोडून जाणं सोपं होतं. त्याने सोडलं नाही. माळावर सशांचे सापळे लावून कातडी विकायला सुरुवात केली, एका हाताने जमेल तशी. आणि शनिवारी, सहाच्या आधीच्या गर्दीत, तो रेल्वे हॉटेलात गेला. परत आल्यापासून त्याचा एक नेम होता. आपली पाळी आली की तो सगळ्यांबरोबर एक पेला जास्तीचा मागवायचा आणि आपल्या डाव्या हाताला ठेवायचा. तो व्हिकचा. कुणी त्याबद्दल बोलत नसे. त्या शनिवारीही त्याने टायर्नीला सांगितलं, "धक्क्यावरच्या सगळ्यांना. माझी पाळी." टायर्नीने खाली मान घालून पेले भरले, रांगेने मांडले. हर्ब गॅस्किनने पाठ फिरवली. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. रोलीने आपला पेला घोट घोट करून संपवला आणि निघाला. फेस बसून गेलेले पेले बारवर तसेच उभे होते.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला, पुन्हा पाळी सांगितली. पुन्हा कुणी हात लावला नाही. असं मतदान होईपर्यंत चाललं.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात मतदान झालं. देशाने पुन्हा नाही म्हटलं. आणि विल्कुराने? सभेत घसा फोडून ओरडलेल्या, पिसं वाटणाऱ्या, टोमॅटो मारणाऱ्या या विल्कुराने चांगल्या दणदणीत फरकाने 'नाही' म्हटलं होतं. पडद्यामागे पेन्सिल हातात आली तेव्हा ज्याला त्याला आपला मुलगा आठवला, आपला भाचा आठवला, आपली कातडी आठवली. बाहेर आल्यावर मात्र कुणाला विचाराल तर प्रत्येकाने 'हो'च टाकलं होतं. अशा गावाला काय म्हणावं? फिच लाल तोंडाने फिरत होता. लोक त्याच्यासमोर हळहळत होते आणि घरी जाऊन सुटलो म्हणत होते.

त्या शनिवारी बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे खुशीत होते आणि खुशी कशाची ते कुणी बोलत नव्हतं. रोली आत आला तशी बोलणी थांबली. काही जण छताकडे बघू लागले. आज तरी, असं रोलीला वाटलं असेल. त्याने नेहमीसारखी पाळी सांगितली. टायर्नीने पेले मांडले. रोलीने बारभर सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. हर्ब गॅस्किनने घसा साफ केला आणि पाठ फिरवली. मग सगळ्यांनी फिरवली. आता तर त्यांना जास्तच कारण होतं, कारण आपण त्याच्यासारखेच आहोत हे त्यांना कळून चुकलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि हेस्टर लॉब आत आली.

त्या बारमध्ये बाईने पाऊल टाकायचं नसे. टायर्नीची बायकोसुद्धा मागच्या दाराने यायची. माणसांच्या टोप्या आपोआप उतरल्या, वाट आपोआप झाली. धुण्याने सोललेले हात पोटाशी धरून ती सरळ रोलीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या बोलण्यात ओलावा नावालाही नव्हता.

"तू त्याला काय म्हणालास? शब्दन् शब्द सांग."

"म्हणालो, येतोस का, व्हिक."

"आणि तो काय म्हणाला?"

रोलीने हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने ओठ पुसले.

"म्हणाला, पाळी तुझी."

बाईला अर्थ विचारावा लागला नाही. नवरा आणि मुलगा दोघंही याच बारमध्ये पिऊन घरी आलेले. तिची नजर बारवरून फिरली आणि रोलीच्या डाव्या हाताशी उभ्या असलेल्या पेल्यावर थांबली.

"हा त्याचा?"

"हो."

तिने तो उचलला. जन्मात थेंब न शिवलेल्या त्या बाईने तो पेला तोंडाला लावला आणि औषध घ्यावं तसा डोळे मिटून तळापर्यंत प्यायली. शेवटी ठसका लागला. तिने बाहीने तोंड पुसलं.

"घाण आहे," ती म्हणाली. "यासाठी गेला होय." आणि मग रोलीकडे बघून, "मी तुला माफ केलेलं नाही. करणारही नाही. माझ्या दारी येऊ नकोस."

"नाही येणार," रोली म्हणाला.

ती जायला वळली, आणि वळता वळता तिला बाकीचे दिसले. हातात टोप्या, नजरा जमिनीला.

"मी 'हो' टाकलं," ती त्यांना म्हणाली. "तुमची पोरं मरावीत म्हणून टाकलं, आणि तोंडावर सांगते. याने 'नाही' टाकलं, तेही त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, माझ्यासमोर. तुमच्यातलं कोण सांगतंय काय टाकलं ते?" तिने एकेकाकडे बघितलं. "हर्ब, तू?" हर्ब गॅस्किन टोपीच्या कडेशी चाळा करत राहिला. "प्या मग," ती म्हणाली. "त्याचं पिऊन टाका. फुकट आहे."

ती गेली. दार तिच्यामागे हलत राहिलं. मग कुणीतरी हळूच बारकडे सरकलं. हर्ब गॅस्किन ओशाळं हसला आणि त्याने पेल्याकडे हात नेला. "चल रे रोली," तो म्हणाला, "झालं गेलं. तुझं भलं होवो."

रोलीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी विचारत होतो तेव्हा पाठ फिरवलीत. आता मी विचारत नाही."

त्याने चांगल्या हाताने एकेक पेला उचलून बारच्या सांडपाण्याच्या पन्हळीत ओतला. टायर्नी फडकं घेऊन उभा होता, पण त्याने थांबवलं नाही. सगळे पेले ओतून झाल्यावर रोलीने शेवटी तो एक, लॉबबाईने रिकामा केलेला, हातात घेतला. मग तो बारवर उपडा ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

त्याने कोट काढून खुंटीला लावला, उजवी बाही दातांनी वर ओढली आणि मागच्या दाराने अंगणात गेला. आत कुणी कुणाकडे बघितलं नाही. टायर्नीने सहाची घंटा वाजवली, गडी पुढच्या दाराने एकेक करून घरी गेले. रोली पंपाशी पाठ टेकून उभा होता. ऊन कुंपणापलीकडे गेलं, बार धुऊन झाला, टायर्नीने मागचं दार लावायला घेतलं तरी तो तिथेच होता. कुणी आलं नाही.